पोंक्षे सरांचा देण्याचा तास

पोंक्षे सर हातातली वस्तू सहजासहजी सोडत नसत. शिक्षककक्षात मी खडूची पेटी मागितली, तरी पेटीचे दुसरे टोक धरून ठेवून ते विचारीत, "बाई, इंग्रजीत वाक्य?" मी गणित शिकवते, हे उत्तर त्यांना मान्य नव्हते.

ही नव्वदच्या सुमाराची, पनवेलच्या आमच्या शाळेतली हकीकत. सर आठवीला इंग्रजी व्याकरण शिकवीत, आणि तेही संतापून. गाइडांवर विशेष राग. "चार ओळींत उरकलंय, बाई! दिलेली वस्तू म्हणजे प्रत्यक्ष कर्म, घेणारा म्हणजे अप्रत्यक्ष कर्म, झालं! अहो, मधला 'टू' कोण पोचवणार? आणि 'फॉर' म्हणजे दुसऱ्यासाठी खपणं. ते खपल्याशिवाय कळेल?"

म्हणून त्यांच्या तासाला प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचे, वाक्य म्हणायचे आणि ती वस्तू खरोखरच दुसऱ्याला देऊन टाकायची. परत मागणे वर्ज्य.

पुढचा तास माझा. मी फळ्याकडे वळले की मागे पेरू चावल्याचा आवाज येई. एकदा बाकांखालून जिवंत चिंबोरी नांग्या उगारून तिरकी चालत आली. मी किंचाळून विचारले, "कोणाची ही?"

"माजी व्हती बाई, पन मी दिली ना याला," आणणारा शांतपणे म्हणाला. "आता माजी नाय."

मग नवीन पनवेलच्या एका पालकांनी मुलाची कोरी कंपासपेटी 'दिली गेल्याची' तक्रार केली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्हीही लेखी द्या, बाई. उद्यापासून हा प्रकार बंद." मी त्याच सकाळी दोन पाने तक्रार लिहून दिली, मुद्देसूद. माझा संताप रास्त होता, आजही तसेच वाटते.

त्याच दुपारी नळावर गेले, तर सर तिथे आठवीतल्या, डोंगरावरच्या वाडीतून येणाऱ्या सोनीशी हळू आवाजात बोलत होते. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली. आत आवळे होते.

"वर्षभर नुसती घेतेयस. आज तू द्यायचंस."

"माज्याकडचं कोन घेनार, सर?"

"कोणी नाही घेतलं तर मी घेईन. आणि हे कुठून आले ते वर्गात सांगायचं नाही. समजलं?"

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले आणि पत्र परत मागितले. "आवक क्रमांक पडलाय, बाई," ते म्हणाले. "आता कसं परत देऊ?"

सरांचा तास संपल्याची घंटा झाली. मी वर्गाच्या दाराशी पोचले, तेव्हा सोनी उभी होती. मूठ पुढे केलेली, वाक्य अर्ध्यावर. सरांनी घाईघाईने डस्टर उचलले. "या बाई, तुमची वेळ झाली."

"माझी घाई नाही," मी म्हणाले, आणि बाहेरून दार लोटून घेतले.