धनराजकाकांचा पंखा

भर मे महिन्यात घरातला पंखा बंद ठेवून बसणारा माणूस अख्ख्या वडनेरात एकच, आमच्या शेजारचे धनराजकाका.

बाहेर डांबर वितळत असतं आणि काका पुढच्या खोलीत, उघड्या अंगानं घाम निथळत, प्लास्टिकच्या एका बुटक्या तंबूसमोर पाटावर बसलेले असतात. तंबूत कारल्याची कलमं. काकांच्या वावरातल्या मातीत मर रोग घुसलाय. कारल्याचं मूळ तिथं टिकत नाही, लाल भोपळ्याचं टिकतं. म्हणून काका भोपळ्याचं कोवळं रोप कापून त्यावर कारल्याचा शेंडा बसवतात, जोडाला इवलासा चिमटा लावतात. मग आठ दिवस सावली, ओल आणि ऊब. वारा मात्र अजिबात नाही. वाऱ्यानं शेंडा सुकतो.

"जखम हाय ते," काका सांगतात. "भरून राह्यली. फुंकर बी नोको."

एकदा खुद्द सरपंचांचा हात पंख्याच्या बटनाकडे गेला. काका म्हणाले, "हात मांगं घ्या. गरम होत असन तर आंगणात बसा." मी एकदा शिंकले, तर दोन दिवस मला दारातूनच बोलावं लागलं.

काकांशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून. त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, सिंदी मेघे गावच्या मुलाशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते. मी तोंडावरच विचारलं, "काका, भोपळ्यावर कारलं चालते, अन् वैशालीताईलेच काऊन जात आडवी येते?"

काकांनी फवारा उचलून तंबूत पाणी उडवलं. "भोपळ्याले नातेवाईक नसते बापा," म्हणाले.

मी रागानं घरी निघून आले.

यंदा कलमांचा पाचवा दिवस होता. त्या दिवसापासून काका प्लास्टिक थोडं थोडं वर करून रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावतात. सगळ्यात नाजूक दिवस तो. म्हणून मी दारातच उभी होते. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. वैशालीताई उतरली. कडेवर सहा महिन्यांचं बाळ, घामोळ्यांनी लालबुंद. उंबऱ्याबाहेरच थबकली.

"बाबा, पोराले दाखवाले आणलं."

बाळ किरकिरलं.

"उन्हात काऊन उभी हायेस," काका म्हणाले. "आत ये."

मग उठले, भिंतीशी गेले आणि पंखा लावला. सरळ पाचावर.

तंबूचं प्लास्टिक फडफडायला लागलं. कारल्याचे शेंडे थरथरले. मी म्हटलं, "काका, कलमं..."

"कलमं काय, पुन्हा बांधता येते," काका पाठमोरेच बोलले. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी झबल्याची नाडी सोडली आणि त्याच्या घामोळ्यांवर हळूच फुंकर घालू लागले.