बांधीला 'ऑसम' शेरा

गोंदियाजवळच्या कामठा गावच्या दुधरामच्या बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, उन्हाळी धान ऐन पोटरीला आले आणि शिवारातले रोहित्र जळून पंप बंद पडले. पाच दिवसांत पाणी मिळाले नाही तर धान हातचे जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. वीज कार्यालयाला मात्र अर्जाशिवाय काही कळणे नियमात बसत नव्हते.

तिथले केशोराव बाबू मोठे अदबशीर. "तक्रार लिवून घेतो जी, पन आधी आमची सेवा कशी वाटली थे सांगा. त्याबिगर कम्प्युटर पुढं सरकत नाई."

"सेवा भेटलीच कुठी, बाबू?"

"भेटन ना! अभिप्राय त द्या."

पडद्यावर पर्याय एकच होता: ऑसम. नागरिकांना निवडीचा त्रास नको, असे वरून ठरले होते. हा शब्द दुधराम गावच्या ग्रुपवर रोज टाकायचा, पण त्याचा अर्थ विचारायची वेळ कधी आली नव्हती. केशोरावांनी परिपत्रक वाचून दाखवले: "ऑसम म्हणजे ज्यापुढे नागरिकास काही बोलावयाचे उरत नाही, अशी स्थिती."

दुधरामला खरेच काही बोलायचे उरले नव्हते. त्याने बोट टेकवले. तक्रार नोंदली गेली, आणि समाधानी नागरिकाला तक्रार असूच शकत नाही म्हणून लगेच निकालीही निघाली.

घरी त्याची लेक खुशी म्हणाली, "बाबा, फोटो टाका ग्रुपवर. साऱ्यायनं पायलं की साहेबाले बी शरम वाटन."

भेगाळलेली बांधी, पिवळे पडलेले धान आणि खाली अकरा ओळींची कैफियत. दुपारपर्यंत अडतीस उत्तरे आली. अडतीसही ऑसम.

"माहे धान मरून राहिले, अन् लोकायले ऑसम दिसून राहिला!" दुधराम भडकला.

त्याची बायको रुख्मा सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "बकारामभाऊच्या घरावरचे कवेलू उडाले, तवा तुमी काय लिवला होता जी?"

"सारेच लिवत होते. मीबी लिवलो." दुधरामने फोन पालथा ठेवला.

कार्यालयाने मात्र लोकमताची कदर केली. केशोराव बाबूही त्या ग्रुपवर होतेच; त्यांच्या फोनवरून अडतीस उत्तरे छापून फाइलला लावली आणि शेरा मारला: "पीक ऑसम असल्याबाबत ग्रामस्थांत एकमत. नव्या रोहित्राची निकड नाही."

सहाव्या दिवशी दुधरामने उभ्या धानात बैल सोडले. खुशीने तोही फोटो टाकला. तो ग्रुपाग्रुपांतून फिरत गोंदियाबाहेरही गेला आहे म्हणतात. वाळक्या बांधीत दोन बैल, बांधावर पदर डोळ्यांना लावलेली बाई. जरा आठवून पाहा, तुमच्याकडे आला तेव्हा त्याखाली तुम्ही काय लिहिले होते?