जुना दर उतरवून ठेवणारे सुखदेवभाऊ

शुद्धलेखनात चुका असतील आणि अक्षरही गिचमिड आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर माझ्या हातात पेन कमी आणि शेणाची पाटी जास्त आली. पण सुखदेवभाऊंबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, कारण बाकी साऱ्या गावाचं ते लिहून ठेवतात.

भाऊंना काही पुसलेलं चालत नाही. किराणावाला पाटीवरचा साखरेचा भाव पुसायला ओला फडका उचलतो, तेवढ्यात हे त्याचा हात धरतात. "थांब ना बापू, जुनं उतरवू दे." मग खिशातून जुन्या कॅलेंडरची शिवलेली वही निघते, मागच्या कोऱ्या बाजूवर भाव तारखेसह उतरतो, आणि तोवर गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. दिवाळीत घराला चुना मारण्याआधी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं त्यांनी वहीत घेतलं. सिलेंडर कधी लागलं, गाय कधी फळली, कोणाचा तरी फोन नंबर. कोणाचा ते त्यांनाही आठवत नाही. वेळ विचारली तर सांगतात, "आता आठ. मंघाशी पावणेआठ होते."

कामरगावच्या दूध संकलन केंद्रावर भाऊ दूध मोजतात, मी कॅन धुते. माझ्या दोन म्हशींचं दूधही तिथंच जातं. संगणक प्रीतीताईंकडे. कंपनीकडून माहिती आली की ताई 'रिफ्रेश'चं बटण दाबतात आणि तक्ता नवा होतो. भाऊ रोज आडवे.

"ताई, थांबा. जुनं उतरवू द्या."

"अहो भाऊ, सगळं कंपनीत सेव राहते."

"राहत असंन. माह्याजवळ बी राहू द्या."

ताई कपाळाला हात लावत आणि चहा मागवत.

पावसाळा सरता सरता दुधाचा दर उतरला. ताईंनी बटण दाबलं. त्या तक्त्यानं पुढचा दर तर बदललाच, मागच्या आठ महिन्यांचाही बदलून टाकला. मागचं सगळं दूध नव्या कमी दरानं मोजलं गेलं आणि आम्हा बायांना पैसे जास्त गेलेले निघाले. कंपनीनं दर दहा दिवसांच्या बिलातून ते कापायला सुरुवात केली. यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठ्या दोन महिन्यांत कोऱ्या पडतात, आणि पासबुकात नुसती रक्कम असते, दर नसतो. तिसरं बिल कापल्यावर माझ्याकडे म्हशींच्या ढेपेला पैसे उरले नाहीत. घरचे एका म्हशीला गिऱ्हाईक पाहू लागले.

मग वाशिमहून कंपनीचे साहेब आले. केंद्रात बाया दाटीनं बसल्या. साहेब म्हणाले, "सिस्टिममध्ये आम्हाला हाच दर दिसतो. जुना वेगळा होता तर लेखी दाखवा. नाही तर कपात चालू राहील."

भाऊंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

साहेबांनी एक वही उघडली, आडवी केली, उभी केली. भाऊंच्या अक्षराला वरची रेघ नसते. "हे कोण वाचणार?"

"मी हाय नं."

"लिहिणाराच वाचणार तर मनातलंही वाचेल. दुसरं कोणी आहे?"

ताईंनी वाचून पाहिलं आणि वही खाली ठेवली. बायांतली कमलाबाई म्हणाली, "भाऊ, हे दूध लिहिलं का मुंग्या?" कोणी हसलं नाही.

भाऊ म्हणाले, "कुसुमले लागते माहं अक्षर."

कुसुम म्हणजे मी. त्यांनी कॅनवर लिहिलेलं रोज वाचून मला ते अक्षर लागत होतं. मी चार माणसांत स्वतःचं नावसुद्धा नीट सांगत नाही. पण म्हैस डोळ्यांपुढं होती. उठले.

"पाच तारीख. म्हैस. फॅट सहा. दर एकावन्न." त्याखाली एक ओळ होती. 'सायंकाळची गाडी आली. इंदू नाही.'

मी थांबले.

इंदूवहिनी म्हणजे भाऊंची बायको. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी पुण्याला मुलाकडे गेली. जाऊन आता चौथं वर्ष लागलं. विचारलं तर भाऊ अजूनही दोन महिनेच सांगतात.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"शाई पसरली, साहेब."

मी पान उलटलं. सहा तारीख, फॅट, दर. खाली, 'गाडीत गर्दी. नीट पाहिलं. नाही.' सात तारीख. 'गाडी लेट. थांबलो. नाही.' एकही दिवस सुटलेला नव्हता. मी दर वाचत गेले आणि ती ओळ गिळत गेले. भाऊ खाली मान घालून खांद्यावरचा दुपट्टा पिळत होते.

"सगळ्या पानांवर शाई पसरते काय?" साहेबांनी हात पुढं केला. "द्या इकडं."

मी वही दिली नाही. "तुमाले लागायचं नाही, साहेब. दराची ओळ ही पाहा." खालच्या ओळीवर तळवा ठेवून मी वही त्यांच्यापुढं धरली.

साहेबांनी हात मागं घेतला. मग त्यांनी मोबाइल काढला. आठ महिन्यांच्या पानांचे फोटो झाले आणि प्रत्येक फोटोत माझा तळवा आला.

कॅन धुताना भाऊ जवळ येऊन उभे राहिले. "शाई तं पसरली नव्हती, कुसुम."

"मले तशीच दिसली, भाऊ."

त्यांनी धुतलेला कॅन पालथा घातला. "दोनच महिन्यासाठी गेली ते."

"हो ना, भाऊ."

कंपनीनं जुना दर मानला आणि कापलेले पैसे बिलाबिलानं परत येऊ लागले. माझी म्हैस दावणीलाच राहिली. परवाच्या बिलात उरलेले आले, तेव्हा ताईंनी एकेक नाव वाचलं. त्यात इंदूवहिनीचंही नाव होतं. भाऊंची गाय तिच्या नावावर, खातंही तिचंच.

सगळ्या बाया गेल्यावर भाऊ ताईंच्या टेबलापाशी आले. "ताई, बँकेचा मेसेज तिच्याच फोनवर जाते ना? पुण्याले?"

"जातोच, भाऊ."

"पैसे पूर्ण आले म्हणून?"

"पूर्ण आले म्हणून."