जागी राहिलेली बाटली

औषध लागू पडलं तर फायदा सगळ्यांचाच होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा शोधनिबंध छापून येणार होता, त्यांच्या हाताखालच्या मुलीची पदवी मार्गी लागणार होती. काकांच्या वाट्याला येणार होता एक रिकामा रविवार, आणि तो घरी नेऊन करायचं काय, हे काकांना कळत नव्हतं.

काका प्रयोगशाळेतले सर्वांत जुने सहायक. काकू गेल्यापासून घरात आवाज करणारा एकटा फ्रिज उरला होता, आणि तोही मनात आलं तरच घरघरायचा. म्हणून बाटलीत वाढवलेल्या रक्तपेशींना रविवारी खाऊ घालायचं काम काकांनी आपणहून मागून घेतलं होतं. पेशी सुट्टी पाळत नाहीत. त्यांच्या आत एक प्रथिन 'चल, एकीच्या दोघी हो' म्हणून सारखं ढकलत असतं, तर दुसरं 'जरा दमानं' म्हणत ब्रेक दाबतं. मॅडमचं औषध या ब्रेकवाल्याला जोर देणारं. शनिवारी कुपी फोडून घातली की पेशी सोमवारपर्यंत गाढ झोपणार. झोपलेल्यांना जेवण कशाला?

"काका, आता रविवारी मस्त लोळा," मुलगी म्हणाली.

"हो ना. कधीचं राहिलंय."

शनिवारी कुपी काकांनीच फोडायची होती. त्यांनी ती न फोडताच कोटाच्या खिशात टाकली.

सोमवारी बाटलीत पेशींची ही खेचाखेच, आणि त्यांच्या खाण्याचा गुलाबी द्रव पिवळा पडलेला. मॅडम उसासा टाकतील आणि आपला रविवार आपल्याला परत देतील, असा काकांचा अंदाज. मॅडमनी उसासा टाकला नाही.

"मोजणीत चूक असणार. सगळं पहिल्यापासून. या रविवारी सगळ्यांनी यायचं."

काकांना आकाश ठेंगणं झालं. रविवारी ते सगळ्यांना पुरेल एवढा चहा थर्मासात घेऊन हजर. मुलगी मात्र डोळे सुजवून आली.

"आई म्हणते, लग्नही पेशींशीच कर. माझंच काहीतरी चुकलंय ना, काका?"

"तुझं काय चुकणार?" काका म्हणाले. आणि कोटाच्या खिशातली ती कुपी त्यांनी आणखी खाली दाबली.

पुढच्या शनिवारी त्यांनी मुकाट कुपी फोडली. सोमवारी पेशी अगदी शहाण्यासारख्या झोपलेल्या. मुलगी नाचली. मॅडमनी जाहीर केलं, "रविवार बंद. कुणी फिरकायचं नाही."

त्या रविवारी काकांनी कपडे इस्त्री केले, मग इस्त्री केलेलेच पुन्हा केले, आणि शेवटी थर्मास भरून निघाले. प्रयोगशाळेत दिवा चालू. आत मॅडम, हातात बाटली.

"मॅडम, तुम्ही?"

"घरी गिझर बिघडलाय," मॅडम म्हणाल्या. गिझरचा आणि पेशींचा संबंध काकांनी विचारला नाही. "पोरीची बाटली झोपलीये. ही माझी, जादाची. हिला म्हटलं जरा खायला घालावं."

"हिला ब्रेक लागला नाही वाटतं."

"काय की."

मॅडमच्या कोटाच्या खिशातून कुपीचं टोक डोकावत होतं, न फोडलेलं. काकांनी तिकडे पाठ केली आणि दोन खुर्च्या ओढल्या.

"चहा घ्याल? जरा जास्तच झालाय."

"द्या. मी बिस्किटं आणलीयेत. तीही जास्तच."

एकूण, मुलीची सुट्टी वाचली, आणि या दोघांचा रविवार भरला. गर्दीचा जाच काय तो त्या पहिल्या, पिवळ्या पडलेल्या बाटलीतल्या पेशींनी सोसला.