दोन इंची खिळा

"खिळा निवडायला सोळा दिवस! लग्नाला होकार द्यायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती याला," वर्तमानपत्राच्या आडून अप्पा पुटपुटले.

शेजारी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सुनेने ते नीट ऐकलं आणि ऐकलंच नाही असा चेहरा केला. तिचा नवरा जेवणाच्या टेबलावर तक्ता मांडून बसला होता. ऑफिसात तो खरेदी खात्यात. तीन ठिकाणचे भाव आणि तुलनात्मक तक्ता यांशिवाय तिथे टाचणीही येत नसे, मग घरी स्वतः करायच्या चपलांच्या रॅकसाठी खिळा तरी कसा येणार? खिळे, स्क्रू आणि खिळे मारायची बंदूक अशा तिन्ही उमेदवारांना तो गुण देत होता.

"अहो, विचारायचं ना कुणाला तरी," ती हळूच म्हणाली.

"विचारलं की. बावीस व्हिडिओ पाहिले."

कुणाला तरी म्हणजे कुणाला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अप्पांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी "आता कंटाळा आला" म्हणत हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. त्यांचा हात थरथरू लागला होता हे सगळ्यांनी पाहिलं आणि कंटाळ्यावर सगळ्यांनी एकमताने विश्वास ठेवला. तेव्हापासून घरात लाकडाचा विषय निघाला की कुणीतरी हवापाण्यावर बोलू लागे.

त्यांचं शेवटचं काम म्हणजे हे जेवणाचं टेबल. सागवानी, लाकडात लाकूड अडकवलेलं, खिळा औषधालाही नाही. सून ते पुसायची तेव्हा अप्पा खुर्चीतून फडक्याचा प्रवास बघत बसायचे. रॅक कसाही होवो, या टेबलाला ओरखडा पडू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

खिळे घ्यायला गेलेल्या नवऱ्याला दुकानदाराने विचारलं, "काय बनवताय, साहेब?"

"चपलांचा रॅक."

"मग एक इंचीपेक्षा लहानच खिळे घ्या."

"दोन इंचीला गुण जास्त आहेत. लांबी जास्त, पकड जास्त."

दुकानदाराने वाद घातला नाही. त्याला दुकान चालवायचं होतं.

शनिवारी नवऱ्याने डोळ्यांना चष्मा लावला, टेबलावर जुनी चादर अंथरली, तिच्यावर रॅकची पाठ ठेवली, पाठीवर पट्ट्या मांडल्या आणि बंदूक चालवली. फाट्, फाट्, फाट्! अठ्ठावीस खिळे सहा मिनिटांत. "बघ! हातोडीने दिवस गेला असता," तो म्हणाला. मग अभिमानाने रॅक उचलायला गेला, तर टेबलही दोन पायांवर उभं राहिलं.

पट्टी पाऊण इंचाची, पाठ पाव इंचाची. उरलेला एक इंच कुठे गेला, हा हिशेब सुनेने आधी केला आणि मग खुर्चीकडे बघितलं. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. उलटं.

"निघेल," नवरा म्हणाला.

निघालं नाही. रविवारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले, तेव्हा टेबलाच्या मधोमध रॅक पाठीवर पडलेला होता आणि चादरीच्या कडा चहूबाजूंनी लोंबत होत्या. वेळ मारून न्यायला सुनेने पट्ट्यांमधल्या खणांत वाडगे, चमचे, मिठाची बाटली मांडली होती.

"अय्या, काय कल्पना आहे!" नणंद म्हणाली. "प्रत्येक वस्तूला खण! दादा, तू केलंस?"

"ते... हो. म्हणजे, प्रयोगच."

"आम्हालाही एक हवंय," यजमान म्हणाले. "ही चादर मुद्दाम अशी दाबलीय का?"

"आवाज होत नाही त्याने," नवरा म्हणाला. कौतुक ऐकता ऐकता त्याचाही त्या प्रयोगावर विश्वास बसू लागला होता.

"पण टेबल तर अप्पांचं ना?" नणंदेने विचारलं. "अप्पा, तुमच्या देखरेखीखाली झालं असणार!"

सगळे एकदम पानात बघू लागले. अप्पांनी घास पुरता चावला, गिळला आणि म्हणाले, "पाऊस पडेलसं वाटतंय."

"थोडं डुगडुगतंय मात्र," यजमान रॅक हलवत म्हणाले.

"त्याचाही अभ्यास झालाय!" नवरा उठला आणि ड्रिल घेऊन आला. खिशात चार स्क्रू, करंगळीएवढे. "हे खालून आरपार गेले की जन्मात हलणार नाही." तो टेबलाखाली शिरला. ड्रिल गुरगुरलं. अप्पांनी डोळे मिटले.

"थांबा!" सून इतक्या जोरात ओरडली की मिठाची बाटली खणातच आडवी झाली. "बाहेर या आधी! अहो, तुम्हाला यातलं काही म्हणजे काही येत नाही! आणि अप्पा, तुमचा हात थरथरतो म्हणून कुणी तुम्हाला विचारत नाही!"

ड्रिल बंद पडलं. टेबलाखालून नवऱ्याचं अर्धं डोकं वर आलं. नणंदेचा चमचा हवेतच राहिला.

अप्पांनी डोळे उघडले. उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"थरथरतो," ते म्हणाले. "मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलेलं नाही." मग त्यांनी मुलाकडे मान वळवली. "तुला येत नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होतं. जा, माळ्यावरच्या पेटीतली पकड आण. मी सांगतो, तू ओढ."