झाकणाच्या आतली खूण

सत्तारचाचा भिंगातून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसत. भोरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. समोर आलेला चहासुद्धा ते आधी भिंगातून बघत, मग पीत. एसटीत बसले की तिकीट डोळ्याशी धरत आणि कंडक्टर मुकाट उभा राही.

कुणी गॅरंटी मागितली की म्हणत, "म्या घड्याळ उघडतो, नशीब न्हाई."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला ते आतून सुईने बारीक खूण करत. तेच घड्याळ पुन्हा आलं की खुणा बघून "परत आलं" असं म्हणत, की गिऱ्हाइकालाच अपराधी वाटावं. माझ्या घड्याळात पाच खुणा आहेत, म्हणून अनुभवाने सांगतो.

पुढे चाचींना यकृताचा कॅन्सर झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने आपल्या यकृताचा तुकडा दिला आणि पुण्यात प्रत्यारोपण झालं. इंग्रजी कागद वाचायला चाचा मला, म्हणजे शेजारच्या शाळामास्तराला, बरोबर नेत. डॉक्टर म्हणाले, काढलेल्या यकृताच्या पातळ चकत्या रंगवून त्यात काही मार्कर बघतात. आजार परत येईल का, याचा त्यावरून अंदाज बांधता येतो.

"मंजी झाकणाच्या आतली खूण," चाचा मला म्हणाले.

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि चकती मागितली. डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी चाचांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तपकिरी ठिपक्यांकडे चाचा बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनी पक्कं काय ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच खुणा चांगल्या आहेत, एक तेवढी नाही; पक्कं कुणालाच सांगता येणार नाही.

गिऱ्हाइकांना जन्मभर हेच ऐकवणाऱ्या माणसाने परतीच्या एसटीत तिकीट न बघताच खिशात टाकलं. मला फार वाईट वाटलं.

दोन-तीन वर्षांनी एकदा दुकानात डोकावलो, तर चाचींचं घड्याळ उघडं पडलेलं. झाकणात सात खुणा. मला चेष्टा सुचली. म्हटलं, बायकोचंच घड्याळ सात वेळा बिघडवलंत होय?

चाचा झाकण पुसत राहिले.

"ह्ये कदी बंद पडलं न्हाई, मास्तर. ती तपासणीला पुण्याला जाती. रिपोर्ट चांगला घिऊन परत आली, की म्या खूण करतो."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, सुई उचलली.

"काल आली परत," म्हणाले, आणि आठवी खूण ओढली.