दुसऱ्या टप्प्याचा नारळ

एका जंगलात, बाळांनो, निसर्ग उद्यान करायचं ठरलं. जंगलात निसर्ग उद्यान कशाला, असं विचारू नका. तिथल्या प्रजेनेही विचारलं नव्हतं. वनराजांनी शेजारच्या जंगलात एक पाहिलं होतं, एवढं कारण पुष्कळ झालं.

कामाची सूत्रं तरसरावांकडे आली. उद्यान टप्प्याटप्प्याने खुलं करायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या टप्प्यात कमान. दुसऱ्या टप्प्यात कमानीमागची टेकडी. टेकडीवरची झाडंझुडपं काढायची, फरशी घालायची आणि वर सिमेंटची हरणं बसवायची. आ वासून बसलेल्या सशाच्या आकाराची कचरापेटीही होती. तिचं चित्र पाहून खरा ससा आठवडाभर तोंड मिटून बसला.

त्या टेकडीच्या पोटात सगुणा सायाळीचं बीळ होतं. बिळात तिची दोन पिल्लं होती. त्यांचे काटेसुद्धा अजून मऊ होते.

कमान हत्तीदादांच्या शुभहस्ते थाटात खुली झाली. कोनशिलेवर त्यांचं नाव ठळक. खाली बारीक अक्षरात ‘प्रमुख उपस्थिती : अस्वलअण्णा’. अण्णांनी ते वाचलं, हातातला पेढा परत ताटात ठेवला आणि भाषण न करताच निघून गेले. गर्दीत उभ्या असलेल्या सगुणेने ते पाहिलं, पण तिचा सगळा जीव टेकडीत अडकला होता.

दुसऱ्या दिवशी ती तरसरावांना भेटली.

“साहेब, माझी पिल्लं लहान आहेत हो. टेकडी तेवढी सोडा.”

“सगुणाबाई, विकासासाठी कुणीतरी त्याग करावाच लागतो. तुम्ही तर नशीबवान, पहिला मान तुमचा!”

“पण निसर्ग उद्यानात प्राणी नकोत का?”

“हवेत ना. सिमेंटचे सांगितलेत. ते बीळ करत नाहीत, घाण करत नाहीत आणि गाऱ्हाणी घेऊन येत नाहीत.”

सगुणा घरी येऊन पोटभर रडली. तरसरावांचा तिला असा संताप आला होता की अंगावरचे काटे खाली बसेनात. कशीबशी तिने पिल्लांना कुशीत घेतलं. तेवढ्यात तिला अण्णांनी परत ठेवलेला तो पेढा आठवला.

सकाळी ती झेंडूचा हार घेऊन अण्णांच्या दारात हजर.

“अण्णा, आम्हा टेकडीवाल्यांची एकच मागणी. दुसरा टप्पा व्हायलाच हवा! पण नारळ तुमच्याच हातून फुटला पाहिजे. कमानीच्या वेळी झालं ते बघवलं नाही हो.”

अण्णांचे डोळे भरून आले. “प्रजेला कळतं गं,” ते म्हणाले. “वर बसलेल्यांना कळत नाही.”

येताना तिने दुसरा हार हत्तीदादांच्या गळ्यात घातला.

“दादा, कमान तुमची, मग टेकडीचा नारळ दुसऱ्याने का फोडावा?”

दादांनी सोंड उंचावून मान्यता दिली.

आता त्या जंगलाचा रिवाज असा, की नारळ फुटल्याशिवाय कुदळ मारायची नाही. तरसरावांनी चांगला असोला, न सोललेला नारळ आणून ठेवला आणि कोनशिला कोरायला घेतली. पण वर नाव कुणाचं? दोन्ही शेजारी शेजारी कोरली, तर उजवीकडे कोण, यावरून अडलं. शेवटी गोल कोनशिला केली. तेव्हा हत्तीदादांनी विचारलं, “गोलाची सुरुवात कुठून धरायची?”

“दोघंही आपलेच,” वनराज म्हणाले. “पुढच्या बैठकीत बघू.”

पुढच्या बैठकीतही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. झुडपं दाट झाली. पिल्लांचे काटे टणक झाले. आधी ससा टेकडीवर राहायला आला, मग त्याच्यामागून निम्मं जंगल आलं. ठेवून ठेवून नारळाला कोंब फुटला, तेव्हा तरसरावांनी वैतागून तो कमानीमागे फेकून दिला. सगुणेने तो बिळाशेजारी लावला. दुसऱ्या टप्प्याचं तेवढं एकच काम झालं.

आज त्या माडाच्या सावलीत सगुणेची नातवंडं खेळतात. कमानीवर ‘दुसरा टप्पा लवकरच’ अशी पाटी आहे. दर दसऱ्याला सगुणाआजी दोन हार घेऊन निघते आणि दोन्ही दारांत एकच वाक्य बोलते, “साहेब, नारळ तुमच्याच हातून बरं का!”

तात्पर्य : थोरामोठ्यांना नेहमी मान द्यावा. मात्र एकच मान निदान दोघांना द्यावा.